चांदीचं नाणं घ्यायचं तर प्रूफ घ्यावं की बुलियन?

प्रश्न: मुलीसाठी दरवर्षी एक औंसाचं चांदीचं नाणं घेऊन ठेवायचा विचार आहे. एकाच नाण्याची बुलियन (धातूच्या भावाच्या आसपास विकलं जाणारं साधं नाणं) आणि प्रूफ (संग्राहकांसाठी खास घडवलेलं चकचकीत नाणं) अशी दोन रूपं मिळतात, आणि प्रूफ बरंच महाग असतं. पुढेमागे विकायची वेळ आली तर कोणतं फायद्याचं?

उत्तर:

विकायची वेळ येणार असेल तर बुलियन. खरं तर उत्तर इथेच संपतं. पण हाच वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चाललाय, त्यामुळे थोडं लांबणार.

आमचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, माणूस उमदा. पण टांकसाळीचं नवं पत्रक दिसलं की त्यांना राहवत नाही. प्रूफ, रिव्हर्स प्रूफ (चित्र चकचकीत, पार्श्वभूमी दुधाळ), रंगीत छपाईची, सोन्याचा मुलामा दिलेली, सगळी नाणी मखमली पेटीत आणि सर्टिफिकेटसकट. त्याच काळात मी साधी बुलियन नाणी ट्यूबमधून घेत होतो. चार पाहुणे जमले की ते माझ्या नाण्यांना ‘चिल्लर’ म्हणायचे. बहीण हसायची, आणि मला ते लागायचं.

पुढे त्यांना पैशांची निकड आली आणि आम्ही दोघे एकाच व्यापाऱ्याकडे गेलो. माझ्या ट्यूब त्याने उघडल्या, काही नाणी वजन करून पाहिली, चुंबकावरून घसरवली आणि त्या दिवसाच्या चांदीच्या भावावरून आकडा सांगितला. झालं. भावोजींच्या पेट्यांना मात्र वेळ लागला. पेटी उघडायची, सर्टिफिकेट बाजूला ठेवायचं, नाणं दिव्याखाली तिरकं धरायचं, ओरखडा शोधायचा, पुन्हा पेटीत. रंगीत नाण्यांना तर त्याने धातूच्याही खालचा भाव लावला, कारण ती कुणा गिऱ्हाइकाकडे न जाता भट्टीत जाणार होती. भावोजी सर्टिफिकेटवरचा मर्यादित संख्येचा आकडा पुन्हापुन्हा दाखवत होते. तो शांतपणे म्हणाला, “नाणी कमी आहेत हे खरं साहेब, पण मागणारे त्याहून कमी आहेत.”

हे मी त्यांना त्याआधी कितीदा तरी सांगितलं होतं. प्रूफमध्ये चांदी तेवढीच असते, एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम. जास्तीचे पैसे जातात ते कामाचे: चकती आधी घासून चकचकीत करायची, ठसाही तसाच तयार करायचा, एकदा सोडून किमान दोनदा दाब द्यायचा, म्हणजे पार्श्वभूमी आरशासारखी आणि चित्र दुधाळ दिसतं. ही घडणावळ आहे. दागिना मोडताना घडणावळ कुणी परत देतं का? प्रूफची घडणावळ परत मिळते, पण त्या नाण्यावर जीव असलेला दुसरा माणूस सापडला तरच.

आणि दुर्मीळपणा टांकसाळीने पेटीवर छापून येत नसतो. अमेरिकन सिल्व्हर ईगल, म्हणजे अमेरिकी सरकारी टांकसाळीचं एक औंसाचं चांदीचं नाणं. त्याचं 1995 चं, वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीतलं, डब्ल्यू खुणेचं प्रूफ घ्या. ते निघालं जेमतेम 30,125, कारण ते सुटं मिळत नव्हतं. दहाव्या वर्षानिमित्तच्या सोन्याच्या नाण्यांच्या संचाबरोबरच घ्यावं लागायचं. तेवढे पैसे मोजायला फार जण तयार नव्हते, म्हणून ते आज सगळ्यांना हवंय. उलट 1996 चं साधं बुलियन ईगल. त्या वर्षी मागणी मंदावली होती, सुमारे 36 लाखच निघाली, आणि आता ‘चिल्लर’ असूनही संग्राहक त्याला इतर वर्षांपेक्षा जास्त पैसे देतात. टांकसाळीच्या लेखी आधी कोण, तेही 2009 ला दिसलं. मंदीत बुलियनला इतकी मागणी आली की चकत्या पुरेनात. तेव्हाच्या कायद्याने बुलियनची मागणी आधी भागवणं भाग होतं, म्हणून त्या वर्षीचं प्रूफ ईगल निघालंच नाही.

ग्रेडिंगबद्दल, म्हणजे नाण्याच्या स्थितीला 70 पैकी गुण देण्याबद्दल, विचारलेलं नाही, तरी सांगतो: प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेल्या नव्या कोऱ्या नाण्यावरच्या ‘70’ या आकड्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. आजकाल टांकसाळीतून थेट ग्रेडिंगला गेलेली प्रूफ ढिगाने 69 आणि 70 मिळवतात.

आता भावोजींच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर ते स्वतः इथे येऊन लिहितील. त्यांच्या पेट्यांत एक जुनं प्रूफ ईगल निघालं आणि त्याला व्यापाऱ्याने धातूच्या बराच वर भाव दिला. त्यांना त्या दिवसातलं तेवढंच आठवतं. बाकीच्या पेट्यांची बेरीज काढली की ते विषय बदलतात.

प्रूफ माझ्याकडेही आहेत, पण ती विकायची नाहीत. त्यामुळे मला फायद्यातोट्याचा प्रश्नच पडत नाही.

बुलियन घेताना भाव नाण्याला न लावता ग्रॅमला लावून बघा. चीनचं पांडा हे चांदीचं नाणं 2016 पासून 30 ग्रॅमचं आहे, औंसाचं नाही. कॅनडाच्या मेपल लीफ नाण्यांवर, विशेषतः 2018 च्या आधीच्या, पांढरे ठिपके येतात आणि ते निघत नाहीत. वजनावर विकताना त्याने काही बिघडत नाही, पण संग्राहक तोंड फिरवतो. पीव्हीसीच्या पाकिटात कुठलंच नाणं ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो. करांचं देशागणिक वेगळं आहे: ब्रिटनमध्ये ब्रिटानिया हे तिथलं नाणं कायदेशीर चलन असल्यामुळे तिथल्या रहिवाशाला ती विकताना भांडवली नफ्यावर कर लागत नाही, मग ती प्रूफ असो वा बुलियन. तुमच्याकडचा नियम बघून मगच फायदा मांडा.

तुमच्या मुलीसाठी म्हणाल तर तिच्या जन्मवर्षाचं एकच प्रूफ घ्या आणि ते विकायच्या हिशेबात धरू नका. बाकी दरवर्षी बुलियन. प्रूफ काळवंडलं तरी कॅप्सूल उघडून पुसायला जाऊ नका. मऊ फडक्यानेही त्या आरशावर बारीक रेघा उठतात, आणि मग उरतो फक्त चांदीचा भाव.