मानसशास्त्रीय थरारकथा आणि आधुनिक भयकथा वाचकांना इतक्या का आवडतात?

माझ्या मते या कथांचे खरे आकर्षण भुतात नसून, जे दिसते आहे ते खरे की पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ, या न फिटणाऱ्या संशयात आहे. हेन्री जेम्स यांच्या १८९८ मधील ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या कादंबरिकेत एसेक्समधील आडबाजूच्या हवेलीत दोन मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेला मृत नोकरांची भुते दिसतात. परंतु हा सारा वृत्तांत तिच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत येत असल्यामुळे तिच्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे वाचकाला ठरवता येत नाही. १९३४ मध्ये समीक्षक एडमंड विल्सन यांनी ही भुते म्हणजे तिच्या दडपलेल्या मनाची निर्मिती असल्याचे मांडले आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही (मिटूही नये, असे मला वाटते). सुरक्षित जागी बसून अनुभवलेली भीती सुखद असते, हे नेहमीचे कारण चुकीचे नाही. मात्र ते जत्रेतल्या पाळण्यालाही तितकेच लागू पडते. मराठीत रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांमध्ये भय अनेकदा पडक्या वाड्याऐवजी शहरी मध्यमवर्गीय घरात, ओळखीच्या माणसांच्या मनात दडलेले असते.