'फर्स्ट कॉपी' असं लिहून विकलं तर चालतं का?

प्रश्न : वकीलताई, मी घरबसल्या इन्स्टाग्रामवर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लाबुबू बाहुल्या विकते. मुंबईच्या घाऊक बाजारातून 250 रुपयांना आणते, 600ला देते. फोटोखाली 'फर्स्ट कॉपी, रिटर्न गिफ्टसाठी उत्तम, 5 वर्षांपुढच्या मुलांना आवडेल, नो रिटर्न' असं स्पष्ट लिहिते, म्हणजे फसवणुकीचा प्रश्नच नाही. तरी एका खरेदी-विक्रीच्या साइटने माझं खातं बंद करून पैसे अडकवून ठेवलेत. मिस्टर म्हणतात, नावातलं एखादं अक्षर बदल आणि पुन्हा सुरू कर. मी खरंच काही बेकायदा करतेय का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हो, करताय. आणि तुमच्या जाहिरातीची ती एक ओळच तुमच्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक आहे म्हणजे भानगड मिटली, असं तुम्ही धरून चाललात. पण त्या नावाचा एक मालकही आहे आणि ट्रेडमार्क कायदा (1999) त्याचा हक्क सांभाळतो. खोटं चिन्ह लावलेला माल विकणं, किंवा विकण्यासाठी नुसता घरात ठेवणंसुद्धा, कलम 104 खाली गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. गुन्हा दखलपात्र आहे. उपअधीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी ट्रेडमार्क निबंधकाचं मत घेऊन वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो, माल उचलू शकतो.

त्याच कलमात विक्रेत्याच्या बचावाच्या वाटाही ठेवल्या आहेत. पहिली अशी, की मी पुरेशी काळजी घेतली होती आणि माल खोटा असेल अशी शंका यायला काही कारणच नव्हतं. 'फर्स्ट कॉपी' लिहून ही वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बंद केलीत. दुसरी वाट म्हणजे माल कुणाकडून आणला याची, मागितल्यावर, हातात असेल ती सगळी माहिती देणं. आता सांगा, घाऊकवाल्याने तुम्हाला पक्कं बिल दिलंय? की नाव-पत्ता नसलेली कच्ची पावती? बहुतेक दुसरंच. असेल ती पावती, यूपीआयची नोंद, त्याच्याशी झालेलं चॅट, सगळं जपून ठेवा. घाबरून काहीही डिलीट करू नका.

मिस्टरांचा सल्ला मात्र कृपा करून बाजूला ठेवा. कायद्याला हुबेहूब नक्कलच लागते असं नाही. गोंधळ उडेल इतकं भ्रामक साम्य पुरतं. जगभर या नकलेला 'लफूफू' म्हणतातच, म्हणून ती कायदेशीर झाली नाही. खऱ्या लाबुबूला नऊ दात असतात, नकलेत कमी-जास्त निघतात. कोर्ट दात मोजून कुणाला सोडत नाही. शिवाय हे पात्र हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराचं, 2015 सालचं. पॉप मार्ट कंपनी 2019पासून त्याच्या बाहुल्या काढते. म्हणजे नाव पूर्ण बदललंत तरी चेहऱ्याचा, कॉपीराइटचा प्रश्न उरतोच. (कारखान्यात बनणाऱ्या वस्तूंना कॉपीराइट कुठवर लागू, यावर आम्ही वकील दिवसभर भांडू शकतो. त्याची फी तुम्ही का भरावी?)

'सगळेच विकतात' असंही मनात येत असेल. कंपन्या अशा वेळी 'अशोक कुमार' नावाने दावा लावतात. हा अशोक कुमार म्हणजे अजून नाव न कळलेला प्रत्येक नकली विक्रेता. नाव कळलं की त्या जागी तुमचं येतं. आणि दावा मालक आपल्या धंद्याच्या गावी लावू शकतो, म्हणजे डोंबिवलीच्या माणसाला दिल्लीची तारीख पडू शकते.

मला खरी काळजी मात्र '5 वर्षांपुढच्या मुलांना' या शब्दांची वाटते. मूळ बाहुलीच्या खोक्यावर 15 वर्षांवरील असं लिहिलेलं असतं. 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तुमच्या मालावर तो असण्याची शक्यता जवळपास शून्य. भारतीय मानक ब्यूरोच्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 2 लाख दंड आहे. ऑगस्ट 2025मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नकली लाबुबूंबद्दल तातडीचा इशारा दिला, कारण त्यांचे सुटे होणारे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. तुमचं गिऱ्हाईक तर नेमकं वाढदिवसाला जमलेली पोरं!

साइटचं म्हणाल तर, नकली मालाची कल्पना आल्यावरही ती गप्प बसली तर माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79चं संरक्षण (दुसऱ्याने साइटवर टाकलेल्या गोष्टींची जबाबदारी साइटवर न येण्याचं) तिला मिळत नाही. खातं बंद होणारच. पैशांबाबत करारातल्या अटी वाचून तिच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी विचारा. आणि 'नो रिटर्न' पुसा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन बाजारातल्या विक्रेत्याला नकली माल परत घ्यायला नकार देता येत नाही. विक्री आजच थांबवा, लहान मुलांच्या घरी गेलेल्या बाहुल्या पैसे देऊन परत मागवा. नोटीस आली तर स्वतः फोन करून माफी मागत बसू नका. आधी वकिलाला दाखवा.

प्रश्न : माझ्याकडे हॉट व्हील्सच्या खेळण्यातल्या गाड्यांचा जुना, अस्सल संग्रह आहे. काही गाड्या ऑनलाइन विकल्या तर कंपनी आडवी येईल का?
– संग्राहक, नाशिक

उत्तर : नाही. रीतसर घेतलेला अस्सल माल पुन्हा विकायला ट्रेडमार्क कायद्याचं कलम 30 मुभा देतं. पण साध्या गाडीला रबरी टायर चढवून ती 'सुपर ट्रेझर हंट' (रबरी टायरची दुर्मिळ आवृत्ती) म्हणून खपवलीत, तर गाडी कंपनीचीच असली तरी ती मुभा संपते. वर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318खाली फसवणुकीचा गुन्हा लागू शकतो. सीलबंद पाकीट छापील किमतीपेक्षा जास्त घेऊन विकायचा बेत असेल, तर त्याआधी वजनमापांचे नियमही बघा. विकताना गाडीचा तळ, कार्डाची मागची बाजू आणि असेल तर जुनं बिल, यांचे फोटो टाका.