वाचक विचारतात : पडून राहिलेल्या कपड्यांच्या मालाचं काय करावं?

प्रश्न : मिरजेला तयार कपड्यांचं दुकान आहे. तीन वर्षांत साचलेले 1,200 नग वरच्या माळ्यावर पडून आहेत : शर्ट, कुर्ती, लहान मुलांचे कपडे. खरेदी 3 लाख 60 हजारांची. एक लॉटवाला (पडून राहिलेला माल एकगठ्ठा घेणारा) सरसकट 55 रुपये नग म्हणतोय, म्हणजे 66,000. देऊन मोकळा होऊ का?

उत्तर : लगेच देऊ नका. सरसकट भाव हा नेहमी ढिगातल्या खराब मालावरून ठरतो आणि चांगला माल त्याच भावात निघून जातो. आधी चार दिवस काढून माल निवडा.

प्रत्येक नग पिशवीतून काढून पूर्ण उलगडा. घडीवर, कॉलरवर पिवळट पट्टा दिसला तर घाबरू नका. पिशवीच्या प्लॅस्टिकमधलं रसायन आणि हवेतला धूर एकत्र येऊन पांढऱ्या, फिक्या कपड्यावर असा पट्टा उमटतो. एक नग धुऊन दोन-तीन तास उन्हात टाका. बऱ्याचदा पट्टा जातो आणि तो माल चांगल्यात धरता येतो. बुरशीचे काळे ठिपके मात्र सहसा जात नाहीत. लहान मुलांच्या चड्ड्यांचं इलॅस्टिक दुप्पट ताणून सोडा. ते जागेवर आलं नाही किंवा आत करकर वाजलं तर रबर मेलेलं आहे, तो नग बाजूला.

मग तीन ढीग करा : साइज पूर्ण असलेला चांगला माल, चांगला पण साइज तुटलेला (काही साइज संपलेला), आणि डागी. वहीत प्रकार, साइज, नग, खरेदी भाव आणि छापील किंमत लिहा. समजा ढीग 400, 650 आणि 150 नगांचे झाले. पहिल्या ढिगाचा दुकानातच सेल लावला आणि 280 नग 200 रुपयांनी गेले, तर 56,000 आले. उरलेले 120 आणि दुसरा ढीग मिळून 770 नग लॉटवाल्याला द्या. चांगला माल निघाल्यामुळे तो भाव पाडणारच, म्हणून 45 धरा : 34,650. डागीतलं सुती कापड कुपवाडच्या कारखान्यांना, गॅरेजना पुसायला लागतं आणि ते किलोवर जातं. पॉलिस्टर सुतीसारखं शोषत नाही, ते सुतीत मिसळू नका, नाहीतर पुढच्या वेळी कोणी घेणार नाही. 150 नग सगळे सुती धरले तर 30 किलो, 25 रुपयांनी 750. एकूण 91,400. बॅनर आणि जादा माणसाचा खर्च 8,000 वजा केला तरी 83,400 राहतात. सतरा हजारांचा फरक आहे, आणि मेहनत पंधरा दिवसांची.

सेल आषाढात किंवा संक्रांतीनंतर लावा, पण बारा दिवसांच्या वर नको. लांबला की नेहमीचं गिऱ्हाईक नव्या मालालाही थांबायला लागतं. कमी किमतीचा स्टिकर जुनी छापील किंमत झाकून लावू नका, नियमाने ती दिसली पाहिजे. आधी किंमत चढवून मग सूट दाखवणं तर मुळीच नको. पेठेत लोक एकमेकांना सांगतात.

लॉटवाल्याशी बोलताना एक गोष्ट पक्की ठेवा : भाव ठरला की नग मोजून गठ्ठे बांधायचे, पैसे बँकेत जमा झाले की मगच गाडी भरायची. भरताना “हे साइज नकोत” म्हणून भाव पाडण्याची रीत जुनी आहे. आठवडी बाजारातल्या फेरीवाल्याला माल देणार असाल तर “उरलेलं परत” या बोलीवर देऊ नका. तो चांगलं विकेल आणि चुरगळलेलं तुमच्या दारात आणून टाकेल.

अजून एक वर्ष ठेवून बघू, असं वाटत असेल तर हिशेब करा. खरेदीचा आकडा गेला, आता मिळतील ते 83,000 हेच भांडवल. बारा टक्के व्याजाने त्याला वर्षाला जवळजवळ दहा हजार पडतात, आणि इलॅस्टिक तोवर अजून मरतं.

प्रश्न : लॉटवाला बिल नको म्हणतो. तोट्यात विकला तर जीएसटीचं काय? (विटा)

उत्तर : बिल कराच. नाहीतर वहीत माल आणि गोदाम रिकामं, अशी अवस्था होते. कर प्रत्यक्ष विक्रीच्या किमतीवर लागतो; 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के. तोट्यात विकल्यामुळे आधी घेतलेलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावं लागत नाही. माल राज्यात एक लाखाच्या वर आणि परराज्यात 50,000 च्या वर असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागतं. वर्षअखेरीस न विकलेल्या मालाची किंमत वहीत खरेदीची किंवा मिळू शकणारी, यातली कमी असेल ती धरा.

प्रश्न : 200 नग आश्रमशाळेला द्यायचे आहेत. काही अडचण? (कराड)

उत्तर : फुकट दिलेल्या मालाचं जीएसटी क्रेडिट परत करावं लागतं. 300 रुपये खरेदीच्या नगावर 5 टक्क्यांनी 15 रुपये, म्हणजे 200 नगांचे 3,000. कंपोझिशनमध्ये (लहान दुकानदारांची एकूण विक्रीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर तुम्ही क्रेडिट घेतलेलंच नसतं, प्रश्न येत नाही. देण्याआधी शाळेला फोन करून मुलांची संख्या आणि वयं विचारा, खोक्यावर साइज आणि नग लिहा, आणि पोच घ्या. तुटलेल्या इलॅस्टिकचा नग यात घालू नका.