तिसऱ्यांदा नीट नको

प्रश्न : मुलगी बीएस्सी प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. आता कॉलेजच्या प्रोजेक्टात कोंबडीच्या अंड्यात मेथोट्रेक्सेट टोचते आणि ह्यातच पुढे शिकायचं म्हणते. कॅन्सरचं औषध अंड्यात घालून काय मिळणार? तिसऱ्यांदा नीटला बसायला तुम्ही तिला समजवा. सध्या ती आमच्याशी बोलत नाही, पण डॉक्टर झाली की बोलेल. (एक वडील, सातारा)

उत्तर : नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. लेक रोज समोर बसून मुकाट जेवते, ताट उचलते आणि आत जाते. हे आणखी पाच-सहा वर्षं चालवून घ्यायची तुमची तयारी आहे! मला तिच्या मार्कांची काळजी वाटत नाही, ह्याची वाटते. ती अबोला धरून बसली आहे, कारण तिचं ऐकायच्या आधीच तुमचा निकाल लागलेला असतो. तिला नीटला बसायला मी सांगणार नाही.

आता अंड्यात काय मिळणार ते. घरात कुणाला दिवस गेले की डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या देतात. गर्भाच्या पेशी झपाट्याने वाढतात, त्यांना नवा डीएनए बनवायला फोलेट लागतं; गोळीतलं फॉलिक अ‍ॅसिड हा त्याचाच प्रकार. मेथोट्रेक्सेट नेमकं फोलेटचंच काम अडवतं. कॅन्सरच्या पेशी त्यामुळे मरतात, पण गर्भाच्या पेशीही तशाच भराभर वाढणाऱ्या. औषधाला दोन्हींतला फरक कळत नाही. हेच औषध संधिवातासाठी कितीतरी बायका आठवड्यातून एकदा घेतात, आणि म्हणूनच गरोदरपणात ते वर्ज्य आहे. कितव्या दिवशी, किती मात्रेने, कुठला अवयव बिघडतो हे बाईवर करून बघता येत नाही. कोंबडीच्या अंड्यात २१ दिवसांत पिल्लू तयार होतं. कवचाला छोटी खिडकी पाडली की उबवणीच्या तिसऱ्याच दिवशी हृदयाचा लाल ठिपका उडताना दिसतो. तुमच्या लेकीने तो बघितला असणार. एकदा बघितल्यावर कुणी सहजासहजी विसरत नाही.

तिलाही एक सांगतो. अंड्यात दिसलं ते जसंच्या तसं माणसाला लागू करू नकोस. अंड्यात वार (प्लासेंटा) नसते, आईच्या रक्तातून औषध बाळापर्यंत कसं पोचतं हे तिथे कळत नाही. थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध, गरोदर बायकाही मळमळीवर घ्यायच्या; ते १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं, १९६१ साली मागे घेतलं. तोवर हजारो बाळं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली होती. पुढे तपासलं तेव्हा सशाच्या पिल्लांत तसं व्यंग दिसलं, उंदराच्या पिल्लांत नाही. कुठला प्राणी निवडायचा, हा ह्या विषयातला अर्धा अभ्यास आहे. आणि मेथोट्रेक्सेट हाताळताना ग्लोव्हज असतातच ना? नसतील तर काम थांबव आणि सरांकडे माग.

वाट ठरलेली आहे : एमएस्सी, नेट-जेआरएफ किंवा गेट ह्यांपैकी एक परीक्षा, मग पीएचडी. जेआरएफ म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, तिचे महिना ३७,००० रुपये मिळतात. पुण्यात आघारकर आणि आयसर ह्या संशोधन संस्था आहेत, औषध कंपन्यांना टॉक्सिकॉलॉजीची, म्हणजे औषधांचे घातक परिणाम तपासणारी माणसं लागतात. पण पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. मध्येच लग्नाचा विषय काढणार असाल तर तसं आत्ताच तिच्याशी बोला, एमएस्सी झाल्यावर नको.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. किती अंड्यांना औषध दिलं, किती तुलनेसाठी नुसत्या सलाइनवर ठेवली आणि कितव्या तासाला काय दिसलं, एवढं तिने लिहावं. तिला कुठल्या लॅबकडे पाठवायचं ते मी त्यावरून सांगेन.