एल-डेक्स ८ आलाय आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहिलंय, तरी थांबू नका

तुम्ही लिहिलंय त्यावरून: आईच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले, काखेतल्या ग्रंथी काढल्यात, संध्याकाळी हात जड वाटतो, टेपने दोन्ही हातांत जेमतेम एक सेंटीमीटर फरक. इम्पिडन्स तपासणीत (हातातून बारीक विद्युतप्रवाह सोडून साचलेलं पाणी ओळखतात, त्याचा आकडा म्हणजे एल-डेक्स) ऑपरेशनआधी १ होता, आता ८ आलाय. आई उजव्या हाताने काम करते.

हा रिपोर्ट नॉर्मल समजून फाइलला लावू नका. ८ हा आकडा उणे १० ते अधिक १० या पट्ट्यात बसला, म्हणून तसं छापलं गेलं. तो पट्टा निरोगी बायकांच्या मोजमापांवरून ठरलेला आहे. आईची तुलना आईशीच करायची. तिच्यात ७ ने वाढ झाली आहे, आणि मूळ आकड्यापेक्षा साडेसहा किंवा जास्त वाढ दिसली की सुरुवातीची सूज धरून पुढची पावलं उचलतात.

टेपला दिसत नाही ते इथे का दिसतं? कमी वारंवारतेचा विद्युतप्रवाह पेशींच्या आवरणातून आत शिरत नाही, बाहेरच्या पाण्यातूनच वाहतो. लिम्फ (काखेतल्या ग्रंथींतून वाहून जाणारा द्रव) साचलं की नेमकं तेच पाणी वाढतं आणि रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, घटतो. टेप मात्र हाड, स्नायू, चरबी सगळं एकत्र मोजते. यंत्र निरोगी हाताच्या रोधाला ऑपरेशनच्या बाजूच्या हाताच्या रोधाने भागतं आणि त्या गुणोत्तरावरून एल-डेक्स काढतं.

इथे एक गोष्ट नीट बघा. कामाचा हात मुळातच थोडा भरलेला असतो, म्हणून त्याचा रोध कमी. समजा निरोगी हात ३३० ओहम, बाधित ३०० ओहम, गुणोत्तर १.१०. बाधित हात कामाचा असेल तर जुनी मर्यादा (एल-डेक्स १० इतकी) १.१३९, म्हणजे ठीक. तोच बिनकामाचा असेल तर मर्यादा १.०६६, म्हणजे सूज. त्यामुळे यंत्रात 'उजवा की डावखुरा' हे चुकीचं भरलं गेलं, तर आकडा ढोबळमानाने सातने सरकतो! दोन्ही रिपोर्टवर ही नोंद सारखी आहे का, ते सगळ्यात आधी तपासा.

मग मोजणी पुन्हा करून घ्या, त्याच यंत्रावर आणि त्याच स्थितीत. आधी झोपून आणि आता उभं राहून घेतलेले आकडे एकमेकांशी लावू नयेत. झोपून करणार असाल तर पाच-दहा मिनिटं आडवं राहू द्या, हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली. लघवीला जाऊन यावं. पाटल्या, अंगठ्या, घड्याळ काढा. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी होऊ द्या, तेल-क्रीम लावलेलं नको. मनगटावरची मोजणीची चकती (त्वचेला चिकटवायचा इलेक्ट्रोड) करंगळीच्या बाजूला वर आलेल्या हाडाच्या रेषेत लागते, प्रवाहाची त्याच्या सुमारे पाच सेंटीमीटर पुढे, बोटांच्या दिशेने. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मनगट बारीक, त्यामुळे तिथल्या प्रत्येक सेंटीमीटरचा रोध मोठा. एकाच हाताची चकती एक सेंटीमीटर सरकली तरी एल-डेक्स दोन-तीनने हलू शकतो. व्यायामानंतर लगेच किंवा स्लीव्ह (हातावर घालायची दाब देणारी घट्ट बाही) नुकती काढून मोजू नका. पेसमेकर असेल किंवा स्त्री गरोदर असेल तर ही तपासणी करत नाहीत.

पुन्हाही वाढ तेवढीच राहिली तर लिम्फेडिमा (लिम्फ साचून आलेली सूज) जाणणाऱ्या फिजिओकडे जा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रिव्हेंट' या संशोधनात अशा वेळी २३ ते ३२ मिमी पारा दाबाची स्लीव्ह आणि हाताच्या पंजाचा मोजा रोज १२ तास, चार आठवडे दिला होता. त्यानंतर कायमची सूज इम्पिडन्सने लक्ष ठेवलेल्या गटात ७.९ टक्के, टेपच्या गटात १९.२ टक्के बायकांना झाली. स्लीव्ह मापानेच घ्या. दुकानातून अंदाजाने आणलेली सैल असेल तर उपयोग नाही, आणि मनगटाशी काचली तर पंजा सुजतो.

या तपासणीच्या मर्यादाही आहेत. दोन्ही बाजूंचं ऑपरेशन असेल तर तुलनेला निरोगी हात उरत नाही. मग हाताच्या आणि पायाच्या रोधाचं गुणोत्तर वापरावं लागतं. सूज जुनी होऊन चरबी आणि घट्ट तंतू वाढले की पाणी तुलनेने कमी राहतं, आकडा खाली येतो आणि हात बरा झाल्यासारखा भासतो. तिथे टेपच खरी. म्हणून दर चार सेंटीमीटरवर टेपची मापंही घेत राहा. घरचे चरबी मोजणारे वजनकाटे यासाठी चालत नाहीत; त्यातल्या बहुतेकांत प्रवाह एका पायातून दुसऱ्या पायात जातो, हातापर्यंत पोचतच नाही.

पुढची मोजणी पहिली तीन वर्षं दर तीन महिन्यांनी ठेवा. हात अचानक फुगला, लाल-गरम झाला, ताप आला किंवा खूप दुखू लागला तर एल-डेक्सची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. संसर्ग किंवा शिरेतली गुठळी आहे का, हे आधी पाहावं लागतं, आणि ते होईपर्यंत स्लीव्ह घालू नका.