बटण दाबलं की हेडरेस्ट वर जातो, पण थांबायचं कुठे?

मागच्या वेळी पॉवर सीटवर, म्हणजे मोटरने हलणाऱ्या सीटवर, लिहिलं तेव्हा हेडरेस्टला जेमतेम दोन ओळी दिल्या होत्या, त्याची शिक्षा म्हणून यावेळचे बहुतेक प्रश्न हेडरेस्टचेच आलेत. मोटरवाला, बटणाने वर-खाली होणारा. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार सर, आमची गाडी सेकंडहँड घेतलेली आहे, पुढच्या दोन्ही सीटना मोटरचे हेडरेस्ट आहेत. ड्रायव्हर साइडचं बटण दाबलं की आतून घूंऽऽ असा आवाज येतो, मधेच कट कट कट करतं, पण हेडरेस्ट जागचा हलत नाही. दुसरा अगदी मस्त चालतो. गॅरेजवाला म्हणतोय मोटर जळली, अख्खी सीट बदला. तोवर हाताने ओढून वर केला तर चालेल का?

उत्तर : पहिलं म्हणजे ओढू नका, आत्ता या क्षणापासून. आणि मोटर जळलेली नाहीये हो, जळली असती तर घूंऽऽ कुठून आलं असतं? मोटर बिचारी फिरतेय, तिचं फिरणं हेडरेस्टपर्यंत पोचत नाहीये, एवढीच भानगड आहे.

आत काय असतं ते सांगतो म्हणजे गॅरेजवाल्याशी बोलायला बरं पडेल. सीटच्या पाठीत १२ व्होल्टची एक छोटी डीसी मोटर असते, तिच्या दांड्यावर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, तो एक प्लॅस्टिकचं दातेरी चाक फिरवतो आणि ते चाक एका लांब स्क्रूच्या दांड्याला फिरवतं. त्या दांड्यावर एक नट बसलेला असतो आणि हेडरेस्टचे दोन गज ज्या पट्टीला जोडलेले असतात ती पट्टी या नटाला. दांडा फिरला की नट वर सरकतो, नटाबरोबर हेडरेस्ट. काही गाड्यांत मोटर खाली लांब असते आणि मधे एक लवचिक केबल असते, बाहेर नळी आणि आत पीळ दिलेली तार, तारेचं टोक चौकोनी. ती तार मोटरचं फिरणं वरपर्यंत नेते.

आता वर्म गिअरचा गुण असा की मोटर त्याला फिरवू शकते पण तुम्ही उलट बाजूने हेडरेस्ट दाबून मोटर फिरवू शकत नाही. म्हणूनच करंट बंद असला तरी हेडरेस्ट जिथे सोडला तिथेच राहतो, खाली बसत नाही. आणि म्हणूनच हाताने ओढू नका म्हणतोय, कारण तुमची सगळी ताकद जाते त्या प्लॅस्टिकच्या दात्यांवर आणि नटावर.

मी असा एक उघडून पाहिला होता. पाठीचं कव्हर काढलं, मोटर चालू केली, दांडा व्यवस्थित गरगर फिरत होता, आणि नट मात्र ढिम्म. काढून बघितला तर आतले आटे पार गुळगुळीत, बोटाने चाचपलं तरी खाच लागेना, आणि दांड्यावरच्या ग्रीसमध्ये पांढरा भुगा मिसळून त्याची नुसती करडी पेस्ट झालेली. मालकाला विचारलं तर म्हणाले, हो, मधे जरा अडकला होता म्हणून दोन्ही हातांनी जोर लावून वर केला होता. झालं!

तुमच्या कट कट आवाजावरून मला तरी नट किंवा चाकाचे दाते गेलेत असं वाटतंय. केबलवाली सीट असेल तर आधी केबल बघायला सांगा, तिची नळी आणि आतली तार यांची लांबी काळाने जमेनाशी होते, मग तारेचं टोक खाचेतून निसटतं आणि नुसतंच फिरत राहतं. यातल्या कशासाठीही अख्खी सीट बदलायची गरज नसते. फक्त एक, सीटच्या पाठीत बऱ्याचदा साइड एअरबॅग असते, सीटखालचे पिवळे कनेक्टर दिसले की ते त्याचे. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका. जो कोणी उघडेल त्याने आधी बॅटरी काढून गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबायला हवं.

प्रश्न : मोटरवाल्या हेडरेस्टची गाडी घेतली कारण शोरूममध्ये सांगितलं की मागून कोणी ठोकलं तर हेडरेस्ट आपोआप पुढे येऊन मान वाचवतो. मित्र म्हणतो असं काही नसतं. पैज लागलीय, निकाल द्या.

उत्तर : पैज अर्धी अर्धी वाटून घ्या. हेडरेस्ट आपोआप पुढे येणं हा प्रकार खरा आहे, पण ते काम या मोटरचं नाही. बटण दाबून बघा, हेडरेस्ट तळापासून टोकाला जायला किती वेळ लागतो, काही सेकंद तरी जातातच. आणि मागून धडक बसते तेव्हा मानेचं जे काही वाईट व्हायचं ते साधारण एक दशांश सेकंदात होऊन जातं. मोटर जागी होईपर्यंत खेळ संपलेला असतो.

नेमकं काय होतं बघा. मागून ठोकलं की सीट तुमच्या पाठीला पुढे ढकलते, पाठ पुढे जाते, पण डोकं साडेचार-पाच किलोचं, ते आपल्या जागीच राहू बघतं. म्हणजे धड पुढे निघालं आणि डोकं मागे राहिलं, मधे मान. त्या क्षणी मानेचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा होतो, खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे. मग डोकं मागे फेकलं जातं. आपण ज्याला मानेला हिसका बसला म्हणतो तो हाच. डोक्याच्या मागे हेडरेस्ट जवळच असेल तर डोकंही पाठीबरोबरच पुढे ढकललं जातं आणि मानेला वाकायला वेळच मिळत नाही.

आपोआप पुढे येणारा जो असतो त्याला ॲक्टिव्ह हेडरेस्ट म्हणतात. साब या स्वीडिश कंपनीने १९९७ मध्ये ९-५ या गाडीत आणला तो निव्वळ मेकॅनिकल होता, ना मोटर ना सेन्सर. पाठीच्या आत एक पट्टी, धडकेत तुमची पाठ तिच्यावर आदळते, ती लिव्हरसारखी फिरून हेडरेस्टला वर आणि पुढे ढकलते. म्हणजे तुमचंच वजन तुमच्या मानेच्या कामी आलं, मला ही कल्पना अजूनही भारी वाटते. पुढच्याच वर्षी व्होल्वोने एस८० मध्ये वेगळा मार्ग घेतला, त्यात सीटची अख्खी पाठच धडकेत मागे सरकून झटका खाते. नंतर मग ताणून ठेवलेल्या स्प्रिंगवाले आले, सेन्सरने इशारा दिला की कुलूप सुटतं आणि पुढचा भाग फटकन बाहेर येतो.

तुमच्या गाडीत मोटरबरोबर यातलं काही आहे का ते मॅन्युअल बघून कळेल, दोन्ही एकत्र असू शकतात. स्प्रिंगवाला असेल तर त्यावर घट्ट कव्हर चढवू नका, मागे मुलांसाठी स्क्रीन लटकवू नका. आणि कधी गाडी नुसती उभी असताना तो उगाच उघडला तर हाताने परत दाबून गप्प बसू नका, आतलं कुलूप झिजलेलं असू शकतं, दाखवून घ्या.

प्रश्न : मी पाच फूट एक इंच, नवरा सहा फूट. एकच गाडी, मेमरीची, म्हणजे सीटची जागा लक्षात ठेवणारी, दोन बटणं आहेत. हेडरेस्ट नक्की कुठे ठेवायचा? मी मानेला टेकेल असा ठेवते, बरं वाटतं.

उत्तर : ताई, मानेला टेकवायचा नाहीये तो, तिथेच सगळा घोळ आहे. त्याचं नाव हेडरेस्ट पडलं म्हणून सगळे त्याला उशी समजतात, नियमांच्या कागदांत त्याला हेड रिस्ट्रेंट म्हणतात, म्हणजे डोकं मागे जाऊ न देणारा. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासून नव्या कारच्या पुढच्या सीटना तो सक्तीचा झाला तो मानेसाठीच, डुलकी लागावी म्हणून नाही.

तो मानेच्या मागे असला तर धडकेत डोकं त्याच्या वरून मागे जाणार आणि हेडरेस्ट टेकूचं काम करणार, म्हणजे नसता तर बरं अशी गत. म्हणून वरची कड डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणा. अगदीच जमत नसेल तर कानाच्या वरच्या टोकाच्या खाली तरी जाता कामा नये. आणि डोकं व हेडरेस्ट यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकं चांगलं, १० सेंटीमीटरच्या पुढे नकोच. मोजपट्टी लागत नाही, शेजारच्या माणसाला मूठ मधे घालून बघायला सांगा, मूठ आरामात आत-बाहेर व्हायला लागली तर अंतर जास्त आहे. स्वतः मान वळवून बघू नका, वळवली की अंतर बदललं.

मेमरीचं म्हणाल तर क्रम महत्त्वाचा. आधी सीट पुढे-मागे, मग उंची, मग पाठीचा कोन, आणि सगळ्यात शेवटी हेडरेस्ट, मग सेव्ह करा. काही गाड्यांत सीट मागे नेली की हेडरेस्ट आपोआप वर जातो, गाडी समजते की पाय लांब म्हणजे माणूस उंच. अंदाज बरा आहे पण अंदाजच, लांब पाय आणि आखूड धड असलेली माणसं असतात की. त्यामुळे गाडीने केलं म्हणून सोडून देऊ नका. आणि तुमचे मिस्टर सहा फुटी, त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण बुटक्या माणसाला हेडरेस्ट तळाला असला तरी बरेचदा पुरतो, उंच माणसाला नाही, आणि नेमकी उंच माणसंच तो तळाला ठेवून फिरताना दिसतात. मोटर असून!

प्रश्न : नव्या गाडीचा हेडरेस्ट डोकं पुढे ढकलतो, केस बांधलेले असले की हनुवटी छातीला लागायची वेळ येते. उलटा करून बसवू का?

उत्तर : नको. उलटा केला की अंतर भलतंच वाढतं, आणि मोटरवाल्यात तर गज आतल्या पट्टीला अडकवलेले असतात, तो सहज निघतही नाही.

तक्रार खरी आहे, तुमची एकटीची नाही. अमेरिकेने २००४ मध्ये नवा नियम जाहीर केला त्यात पुढच्या सीटच्या हेडरेस्टचं डोक्यापासूनचं अंतर जास्तीत जास्त ५५ मिलिमीटर असं ठरलं, त्यामुळे तिथे विकायच्या गाड्यांचे हेडरेस्ट पुढे आले. पण हे अंतर मोजतात ते पाठ साधारण २५ अंश मागे कललेली धरून. तुम्ही ताठ बसत असाल तर हेडरेस्ट तेवढा जास्त टोचणार. म्हणून आधी पाठ एक-दोन अंश मागे घ्या, एवढ्यानेच बहुतेकांचं काम होतं. महागड्या सीटमध्ये पुढे-मागेची वेगळी मोटर असते, ती आहे का बघा, कित्येकांना ते बटण आहे हेच माहीत नसतं. आणि केस गाडीत तरी जरा वर किंवा बाजूला बांधा, डोकं आणि हेडरेस्टच्या मधे गाठ नको.

प्रश्न : गाडी पाण्यात अडकली तर हेडरेस्ट काढून त्याच्या गजाने काच फोडता येते, तो निघतो तो त्यासाठीच, असा व्हिडिओ बघितला. मोटरवाला कसा काढायचा?

उत्तर : तो निघतो कारण उंची बदलायला आणि सीट दुमडायला सोय हवी, काच फोडायला नाही. मोटरवाला तर काही सीटमध्ये टोकापर्यंत वर नेऊन, पिन खुपसून, आतली क्लिप दाबून मग निघतो, पाण्यात हे उद्योग कोण करणार? काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवा. काच लॅमिनेटेड, म्हणजे मधे प्लॅस्टिकचा थर असलेली, असेल तर हातोडीनेही फुटत नाही, काठावर लॅमिनेटेड लिहिलंय का ते आजच वाचून घ्या.

प्रश्न : मागच्या सीटचे हेडरेस्ट डॅशबोर्डवरच्या बटणाने खाली पडतात, मागचं छान दिसतं. मग कायम पाडूनच ठेवले तर?

उत्तर : मागे कोणी नसेल तर खुशाल. कोणी बसलं की वर करा, आणि लक्षात घ्या, बऱ्याच गाड्यांत पाडायला बटण असतं पण उचलायला हातच लागतो, ते आत नुसतं स्प्रिंगचं काम आहे, मोटर नाही.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून हेडरेस्ट अर्ध्यातच थांबतो आणि मेमरीचं बटण काहीच करत नाही. बिघडला का?

उत्तर : बहुधा नाही. मोटर किती फिरली हे गाडी मोजत असते, त्यावरून हेडरेस्ट कुठे आहे ते तिला कळतं. बॅटरी काढल्यावर काही गाड्या तो हिशोब विसरतात, मग टोक कुठे आहे हेच तिला माहीत नसतं. बटण दाबून हेडरेस्ट पार वरपर्यंत न्या, थांबला तरी काही सेकंद बटण दाबूनच ठेवा, मग तसंच पार खाली. मधे थांबला तर बटण सोडून परत दाबा. सीटच्या बाकीच्या मोटरांनाही असंच दोन्ही टोकांना न्यायला लागू शकतं, तुमच्या गाडीची नेमकी पद्धत मॅन्युअलमध्ये असते. झालं की मेमरी परत भरा. एवढं करूनही हलला नाही तर आधी फ्यूज बघा, मग बाकीचं.