सिस्टरबाईंना विचारा : ओट्यावरचा माणूस आणि कान तुटलेला कप

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी भुसावळला राहते. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती, ती बंद पडली. तिच्या ओट्यावर पावसाळ्यापासून एक माणूस राहतो. साठीचा असेल, हिंदी बोलतो. मी त्याला सकाळचा चहा देते. त्याच्यासाठी कान तुटलेला एक कप कंपाउंडच्या भिंतीवर वेगळा ठेवलाय. संक्रांतीला आमच्या महिला मंडळाने ब्लँकेट दिलं, ते आठवड्यात गायब. बहुतेक विकून प्याला. दादर ज्वारीची भाकरी दिली तर कुत्र्यापुढे टाकली. दिवसा बघावं तेव्हा झोपलेला. हातपाय धड आहेत, मग कामाला काय होतं? मंडळातल्या बायका म्हणतात, आपल्या माणसांना द्यावं, हा कुठला कोण. आता नगरपालिकेला द्यायच्या अर्जावर सह्या चालल्या आहेत, ‘याचा बंदोबस्त करा’ म्हणून. माझी सही राहिली आहे. खरं सांगते, त्याच्याजवळून जाताना मला किळस येते, भीतीही वाटते, आणि मग स्वतःचीच लाज वाटते. काय करू? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : ताई, सही करू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

बंदोबस्त कसा होतो ते सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत पुष्कळ पाहिलं. गाडी येते, बोचकं उचलून नेते आणि माणूस पुढच्या चौकात जाऊन बसतो. त्या बोचक्यात त्याच्या गोळ्या असतात, केसपेपर असतो, नशिबाने असलंच तर आधार कार्ड असतं. महिन्याभराने तो आमच्याकडे यायचा तेव्हा पायाची जखम चिघळलेली आणि आधी काय उपचार झाले याचा एक कागद नाही. दुसरा बंदोबस्त कायद्याचा. भीक मागण्याला बंदी घालणारा १९५९ चा मुंबईचा कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. पहिल्या खेपेलाच माणसाला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. आणि त्यातली भिकाऱ्याची व्याख्या अशी ऐसपैस, की पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी भीक मागूनच जगत असावा अशा अवस्थेत बसलेला आहे, एवढंही पुरतं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली. तुमच्या पत्रात तर तो भीक मागतो असंही कुठे नाही.

आता ब्लँकेट. तुम्ही दिवसभर घर सोडून जाता तेव्हा ब्लँकेट कुठे असतं? कपाटात. त्याचं कुठे असणार? ओट्यावर ठेवून गेला तर दुसरा नेणार, काखोटीला मारून कामाला गेला तर कोण कामावर घेणार? रस्त्यावरची माणसं कामाला का जात नाहीत याचं अर्धं उत्तर त्या बोचक्यात असतं. लग्नसराईत वाढप्याचं काम मिळतं, हॉटेलात भांडी घासायला माणूस लागतो, भंगार गोळा करता येतं. पण सामान कोण सांभाळणार? म्हणून काही जण सामानापाशी बसून राहतात. कोपऱ्यावरच्या एखाद्या दुकानदाराने दिवसभरापुरतं गाठोडं आत ठेवू दिलं, तर मंडळाच्या दहा ब्लँकेटांपेक्षा ते कामाचं. विचारून बघा.

विकलंही असेल. प्यालाही असेल. मी त्याची वकिली करत नाही. पण पिणारा एखादा दीर नाहीतर मेहुणा आपल्या सगळ्यांच्या घरात असतो, आणि दिवाळीला त्याचं पान मांडताना कुणी त्याच्या तोंडाचा वास घेत नाही. उपाशी माणसापुढे मात्र आपण परीक्षा घ्यायला बसतो: पितोस का, काम करतोस का, कुठला आहेस. ‘आधी दारू सोड, मग जेवण’ अशी अट घालणाऱ्यांना नर्स म्हणून एक सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केली, तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. सोडवायचीच असेल तर डॉक्टरच्या नजरेखाली. ओट्यावर उपाशी ठेवून नव्हे.

भाकरीचं मला हसू आलं. तुमच्यावर नव्हे हं. दादरची भाकरी, तीही सकाळची, दुपारपर्यंत कशी कडक होते ते आपल्या खान्देशात कुणी कुणाला सांगायला नको. तो हसला की बघा, दाढा शिल्लक आहेत का. साठीच्या बेघर माणसाच्या तोंडात सहसा नसतात. भाकरी वरणात कुस्करून द्या नाहीतर खिचडी द्या, मग कुत्रं उपाशी राहील. आणि दिवसा झोपतो कारण रात्री झोपता येत नाही. चोर, कुत्री, दारुडे, गस्तीवाल्यांची काठी. उजेड झाला, रस्त्यावर माणसं दिसायला लागली, की मग डोळा लागतो. ज्याला आपण आळस म्हणतो ती रात्रपाळीनंतरची झोप आहे.

किळसेबद्दल लाज वाटून घेऊ नका. घाण वास आला की नाक मुरडणारच. वॉर्डात नव्या पोरी तोंडाला रुमाल लावून यायच्या, त्यांना कुणी रागवायचं नाही. वास पाण्याने जातो. पाणी कुठून आणायचं एवढाच प्रश्न असतो. सुलभमध्ये अंघोळीला पैसे पडतात आणि तेवढ्यात बोचकं बाहेर ठेवावं लागतं, पुन्हा तेच. एक बादली पाणी, साबण आणि जुना पण धुतलेला शर्ट-पायजमा द्या. खाजवत असेल तर खरूज असू शकते. सरकारी दवाखान्यात मलम मिळतं, पण कपडे-अंथरूणही त्याच दिवशी गरम पाण्यात धुवायला हवं, नाहीतर ती परत येते.

आता कप. तुम्ही विचारलं नाही, पण पत्र वाचताना मी तिथेच थांबले. तो कप वेगळा का? आजारासाठी? खरूज अंगाला अंग लागून होते, टीबी हवेतून येतो, आणि कप साबणाने धुतला की झालं. मग उरतं ते दुसरं कारण, आणि ते तुम्हाला-मला दोघींनाही ठाऊक आहे. आपल्या आज्यांच्या काळी परसदारी असा कप असायचा, तो कुणासाठी असायचा हेही ठाऊक आहे. तुमच्या मंडळातल्या बायका ‘कुठला कोण’ म्हणतात तेव्हा त्यांना गाव विचारायचं असतं की समाज, ते त्यांनाच विचारा. उद्यापासून घरातल्या चांगल्या कपात चहा द्या. किळस जाण्याची वाट बघत बसू नका, कप बदलायला ती जावी लागत नाही. आणि चहा देताना नाव विचारा. एवढ्या महिन्यांच्या चहाचं पत्र लिहिलंत, त्यात त्याचं नाव नाही.

भीतीचं वेगळं. बाईमाणसाने भीती वाटली तर ती पाळावी, त्यात पूर्वग्रह वगैरे काही नाही. एकटीने, अंधार पडल्यावर जाऊ नका. दिवसा, दोघी मिळून जा, हातभर अंतरावरून बोला. शिवीगाळ केली, अंगावर आला, तर ११२ लावा, जसा तुमच्या बंगल्यातल्या शेजाऱ्यासाठी लावला असता. नुसता बसलाय म्हणून लावायचा नाही.

‘आपल्या माणसांना द्या’ हे भुसावळात बसून म्हणणं मला नवलाचं वाटतं. मुंबईहून नागपूर-हावड्याला आणि इटारसीमार्गे उत्तरेला जाणाऱ्या गाड्या या जंक्शनातून जातात, आणि रेल्वेच्या क्वार्टरांत कुठकुठली माणसं येऊन राहिली, ती आता भुसावळकर झाली. तुमच्या मंडळाला ठाऊक नसेल, बेघर माणसाचंही नाव मतदार यादीत लागतं. पत्त्याचा कागद लागत नाही. त्याने सांगितलेल्या जागी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, रात्री येऊन, एकाहून जास्त रात्री, तो खरंच तिथे झोपतो का ते बघून जातो. निवडणूक आयोगाच्या लेखी गिरणीचा ओटा हा पत्ता होऊ शकतो. कॉलनीच्या लेखीही व्हायला हरकत नसावी.

सह्यांचा कागद तयारच आहे, तर मजकूर बदलून घ्या. लाखभर वस्तीमागे एक, तोही बारमाही निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राज्यांना सांगितलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तोच हिशेब होता: एका निवाऱ्यात किमान ५० माणसं, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत भुसावळची वस्ती पावणेदोन लाखांच्या वर होती, जळगाव शहराची ४ लाख ६० हजार. म्हणजे भुसावळला एक तरी आणि जळगावला चार. आपल्या गावचा निवारा कुठे आहे, त्यात किती खाटा आहेत, बायकांची सोय वेगळी आहे का, हे नगरपालिकेला लेखी विचारा. सह्या मिळतील. कारण काही असो, ओटा मोकळा व्हावा असं तुमच्या शेजाऱ्यांनाही वाटतंच. पण निवाऱ्यात जायचं की नाही ते त्याला विचारून. हात धरून नेऊ नका.

जाता जाता मे महिन्याचं. ब्लँकेटं थंडीत वाटतात, पण आपल्याकडे माणसं मरतात ती उन्हाळ्यातही. पारा ४५ च्या पुढे गेला, की रस्त्याकडेला पडून बडबडणारा माणूस ‘लावून आलाय’ म्हणत लोक पुढे जातात. उष्माघात, साखर उतरणं, फिट येऊन गेल्यावरची गुंगी, डोक्याचा मार, सगळे लांबून तसेच दिसतात. तोंडाला दारूचा वास आला म्हणून डोक्याला मार लागलेला नाही असं ठरत नाही. अंग चटका बसेल असं तापलंय आणि बोलणं भलतंच आहे, तर १०८ लावा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. हे एक वाक्य मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवलंत तरी चालेल.

प्रश्न : माझी चाळीसगावला एसटी स्टँडजवळ चहाची टपरी आहे. तिथे एक बाई काही दिवसांपासून बसते. केस विस्कटलेले, स्वतःशी पुटपुटते, काय बोलते कुणाला कळत नाही. लोक वेडी म्हणतात. पोरं खडे मारतात, मी हाकलतो. रात्री तिचं काय होत असेल या विचाराने झोप येत नाही. कुणाला सांगू? — एक टपरीवाला

उत्तर : भाऊ, पोलिसांना सांगा, आणि बिचकत सांगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १०० वं कलम त्यांना काम लावून देतं. मानसिक आजार असावा आणि स्वतःची काळजी घेता येत नाही असं वाटणारं माणूस रस्त्यावर भटकताना दिसलं, तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासायला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही पोलीस ठाण्यानेच घ्यायचा. ठाण्यात कुणी ‘हे आमचं काम नाही’ म्हणालं, तर कलमाचा आकडा सांगा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाई आहे म्हणून १८१ वरही कळवा. सोबत मूल दिसलं तर १०९८.

पण त्याआधी एक करा. ती वेडी आहे हे लोकांनी ठरवलंय. कदाचित ती फक्त बंगाली किंवा तेलुगू बोलत असेल. रेल्वेत झोप लागली, भलत्याच स्टेशनवर उतरली, पिशवी गेली, आणि तीन दिवस कुणालाच आपलं बोलणं कळत नाही म्हटल्यावर शहाणं माणूससुद्धा पुटपुटायला लागतं. मोबाइलवर एकेका भाषेतल्या बातम्या लावा आणि तिची मान कुठल्या आवाजाला वळते ते बघा. मग त्या भाषेचा माणूस शोधा, रेल्वेच्या गावांत तो सापडतो. आजार असला तरी तो बरा होतो, निदान आटोक्यात येतो. कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी: रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उपचार देऊन, पत्ता शोधून, घरी पोचवायचं. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. घरातल्याच कुणाच्या मारहाणीला कंटाळून ती निघाली असेल, तर तो फोटो त्याच माणसाच्या हाती पडेल. शोध पोलिसांमार्फतच घ्यायचा.

तोवर, टपरी बंद करायच्या वेळी तिला दिव्याखाली, स्टँडच्या कंट्रोलरच्या नजरेपुढे बसायला सांगा.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे मित्र धुळ्यात थंडीत रात्री फिरून चादरी वाटतो. फोटो टाकले की देणगी येते. गेल्या खेपेला एका आजींनी पदराने तोंड झाकलं आणि आम्हाला शिव्या दिल्या. आमचं काय चुकलं? — एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : बेटा, शिव्या अहिराणीतून दिल्या असतील तर त्या जिव्हाळ्याच्याही असू शकतात, पण पदर घेतला म्हणजे नसाव्यात. तुझी आजी गाढ झोपलीय, चार अनोळखी पोरं टॉर्च मारून उठवतात, हातात चादर कोंबतात आणि फोन समोर धरतात. ती काय म्हणेल?

देणगीदारांना पुरावा हवा तर दुकानाच्या बिलाचा फोटो टाका. त्यात सगळं येतं: किती घेतल्या, केवढ्याला. धुळ्याचा पारा थंडीत पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा तुमचं काम गरजेचंच आहे, बंद करू नका. फक्त वेळ बदला. रात्री नऊच्या आत जा, माणसं जागी असताना, आणि आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारून काय हवंय ते विचारून या. चादर असते बऱ्याच जणांकडे. पायमोजे नसतात, चप्पल नसते, खाली अंथरायला जाड काही नसतं, आणि गारठा खालून जास्त लागतो. मंडपवाल्याकडे जुनी सतरंजी, ताडपत्री मिळते. पायाची मापं वहीत लिहून घ्या.